‘सायकोबिचेस’मधील सिल्व्हिया प्लाथ: हसावे की नाही?

प्रश्न

स्काय आर्ट्स या ब्रिटिश वाहिनीची ‘सायकोबिचेस’ ही विनोदी मालिका मी नुकतीच पाहिली. रिबेका फ्रंट हिने यात मानसोपचारतज्ज्ञाची भूमिका केली आहे आणि तिच्या खोलीत इतिहासातील नामवंत स्त्रिया एकामागून एक येऊन आपले दुखणे सांगतात. इवल्याशा बाहुल्यांच्या धडांवर खऱ्या अभिनेत्रींचे चेहरे असलेल्या ब्राँटे भगिनींच्या (एकोणिसाव्या शतकातील इंग्रज लेखिका) भांडणावर मी मनापासून हसले. ज्युलिया डेव्हिसने साकारलेल्या अमेरिकन कवयित्री सिल्व्हिया प्लाथच्या प्रवेशात मात्र मला हसता आले नाही. प्लाथच्या तोंडून पाम एअर्स या विनोदी इंग्रज कवयित्रीच्या थाटाची खेळकर, यमकबद्ध पद्ये बाहेर पडावीत ही कल्पना चतुर आहे, हे मला मान्य आहे. परंतु जी कवयित्री १९६३ साली वयाच्या तिसाव्या वर्षी आत्महत्या करून गेली, तिला उपचाराच्या खुर्चीत बसवून हशा मिळवणे योग्य आहे का? स्वभावावर हसणे आणि आजारावर हसणे यांतील सीमा तुम्ही कोठे आखता?

प्रतिसाद १

माझ्या मते त्या प्रवेशात प्लाथच्या आजाराची थट्टा नाही. तिच्या मृत्यूनंतर वाचकांनी तिची जी एकसुरी, सदैव काळोखी प्रतिमा जपली, तिला तेथे धक्का दिलेला आहे. प्लाथ उत्तम विद्यार्थिनी होती, तिला स्वयंपाकाची आवड होती, तिने लहान मुलांसाठी लिहिले आणि तिच्या कादंबरीतही बोचरा विनोद आहे. त्या प्रतिमेवर हसलो म्हणून तिचा अवमान होत नाही.

प्रतिसाद २

मी समुपदेशक म्हणून काम करते, त्यामुळे ही मालिका पाहताना माझे लक्ष सतत रिबेका फ्रंटकडे जात होते. समोरची व्यक्ती कितीही विचित्र वागली तरी ती तिला वेडी ठरवत नाही, शांतपणे ऐकून घेते, आणि बराचसा विनोद या संयमातूनच निर्माण होतो. तेवढ्यापुरती मालिका उपचाराचा आदर राखते, असे मी म्हणेन.

प्लाथच्या बाबतीत मात्र माझी तक्रार वेगळी आहे. तिच्या आयुष्यात खरीखुरी मानसोपचारतज्ज्ञ होती आणि त्या नात्याचा मागमूसही येथे लागत नाही. १९५३ च्या उन्हाळ्यात तिला पुरेशी काळजी न घेता उपचार म्हणून विजेचे झटके देण्यात आले. त्याच ऑगस्टमध्ये तिने आत्महत्येचा प्रयत्न केला आणि त्यानंतर मॅसॅच्युसेट्समधील मॅक्लीन रुग्णालयात डॉ. रूथ बॉइशर यांच्या देखरेखीखाली ती सावरली. पुढे १९५८-५९ मध्ये बॉस्टनला असताना तिने त्यांच्याकडे पुन्हा उपचार घेतले, आणि इंग्लंडला गेल्यावरही ती त्यांना पत्रे लिहीत राहिली. ती पत्रे २०१८ साली छापली गेली. लंडनमधील अखेरच्या दिवसांत तिचे तेथील डॉक्टर जॉन हॉर्डर यांनी तिला नैराश्यावरचे औषध सुरू केले होते आणि तिच्यासाठी रुग्णालयात जागा मिळवण्याची त्यांची खटपट चालू होती. म्हणजे तिने मदत मागितली होती, मदत करणारी माणसेही होती, आणि तरीही ती वाचू शकली नाही. ‘कवयित्री म्हणजे मरणाकडे ओढली गेलेली स्त्री’ हा समज घेऊन आलेल्या प्रेक्षकाला काही मिनिटांच्या प्रवेशातून यातले काहीच कळत नाही. पहिल्या प्रतिसादात म्हटल्याप्रमाणे ती प्रतिमा मोडायचीच असेल, तर आजार सोसत असतानाही नेटाने उपचार घेणारी प्लाथ दाखवणे हा अधिक धाडसी मार्ग ठरला असता.

सीमेबद्दल विचाराल, तर रुग्ण व्यक्ती समंजसपणे बोलत असताना भोवतालची माणसे हास्यास्पद ठरत असतील, तर मी निर्धास्त हसते. मृत्यूच्या पद्धतीवर कोटी झाली की मी पाहणे थांबवते, कारण तशा तपशिलाचा त्रास बघणाऱ्यांपैकी कोणाला किती होईल हे सांगता येत नाही.

प्रतिसाद ३

या संदर्भात नेटफ्लिक्सवरील ‘लेडी डायनामाइट’ (२०१६-१७) अवश्य पाहा. मारिया बॅमफर्ड ही विनोदी कलाकार द्विध्रुवी (बायपोलर) विकाराने, म्हणजे मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांनी, ग्रस्त आहे आणि स्वतःच्या आयुष्यावर बेतलेली ही भूमिका तिने स्वतःच केली आहे. कथा तीन काळांत फिरते: लॉस एंजेलिसमधील धावपळीचे दिवस, कोलमडल्यानंतर मिनेसोटातील डुलूथ या गावी आईवडिलांकडे काढलेला काळ, आणि परतल्यानंतरचे जपून चाललेले जगणे. डुलूथचे प्रसंग फिकट निळसर रंगात चित्रित केले आहेत आणि त्यांत विनोदाचा वेग मुद्दाम मंदावतो. येथे कोणावर हसायचे हे ती स्वतः ठरवते. प्लाथला ती संधी नव्हती.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा सर्वांची आभारी आहे. डॉ. बॉइशर यांच्याविषयी मला काहीच माहिती नव्हती. ती पत्रे आता मागवते आहे. पहिल्या प्रतिसादाशी मात्र माझा मतभेद कायम आहे: प्रतिमा आणि माणूस वेगळे आहेत हे ज्याला आधीपासून ठाऊक आहे, त्यालाच तो प्रवेश प्रतिमेची थट्टा म्हणून पाहता येईल.