हॉटेलात गिऱ्हाइकांचा कुत्रा येऊ द्यावा का? (वाई–पाचगणी रस्ता)

घाटपायथा:

वाईहून पाचगणीकडं निघालं की पसरणी घाट सुरू व्हायच्या अलीकडं आमचं छोटं हॉटेल आहे. आत सहा टेबलं, गल्ल्याच्या मागं स्वयंपाकघर. समोर फणसाखाली शहाबादी फरशीचं अंगण, तिथं चार टेबलं. मिसळ, थालीपीठ-लोणी, दुपारी पिठलं-भाकरीचं ताट आणि थंडीत स्ट्रॉबेरी. आत बसणारे बरेचसे ओळखीचे असतात: वाईच्या बाजाराला आलेली आसपासच्या गावची माणसं, शाळेतले गुरुजी, एसटीचे चालक-वाहक. बाहेर शनिवार-रविवारचे पुण्या-मुंबईचे.

या गाड्यांतून आता कुत्री येतात. लॅब्रेडॉर, ते लहान केसाळ शिह त्झू, अगदी हस्कीसुद्धा. एप्रिल-मेमध्ये वाईच्या उन्हात हस्की बघितली की जीव कळवळतो. काही लोक "चालेल का?" असं विचारतात, काही सरळ आत येऊन बसतात.

एका रविवारी असाच एक लॅब्रेडॉर आत आला. स्वभावानं गरीब होता, पण शेजारच्या टेबलाखाली तोंड घालून हुंगायला लागला. तिथं बावधनचे एक आजोबा जेवत होते. काही बोलले नाहीत, अर्धं ताट तसंच ठेवून पैसे देऊन निघून गेले. आमच्याकडं कित्येक वर्षं येणारा माणूस. मला फार लागलं ते.

मग मी "नाही" म्हणायला सुरुवात केली. तर एका कुटुंबानं कुत्रा गाडीतच ठेवला, काच चार बोटं खाली करून. गाडी सावलीत लावली होती, पण सावली सरकली. ताटं अर्धी झाली असतील तोवर सासूबाईंचं लक्ष गेलं. कुत्र्याच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या आणि ते उठतही नव्हतं. आम्ही त्याला नळाखाली धरलं म्हणून वाचलं. त्या लोकांना रडू फुटलं, त्यांचाही जीव होता त्याच्यावर. पण "आत आणू नका" हे मीच म्हटलं होतं, आणि कुत्रं कुठं ठेवायचं हे मी सांगितलं नव्हतं.

तिसरी गोष्ट म्हणजे आमच्या दारातली गावची तीन कुत्री. गाडीतून पाहुणं उतरलं की ती धावून जातात.

यजमान म्हणतात, सरळ मनाईची पाटी लावू. मुलगी पुण्यात असते, ती म्हणते गूगल मॅपवर 'पेट फ्रेंडली' लिही, गिऱ्हाईक वाढेल. मला यातलं काहीच पटत नाही. ज्यांनी हॉटेल चालवलंय किंवा कुत्री पाळलीत त्यांनी सांगा, कायदा काय आहे आणि रीत काय असावी?

सातवं टेबल:

ताई, मी पुण्यात एका कॅफेत कॅप्टन होतो, त्यांच्या दारावर 'पेट फ्रेंडली' पाटी होती. मालक बोलतात, गिऱ्हाइकं बोलतात, पण वाढणाऱ्या पोरांचं कुणी विचारत नाही, म्हणून लिहितो.

आमच्यात उदगीरकडचा एक पोरगा होता. लहानपणी त्याला कुत्रा चावलेला. टेबलाखाली जर्मन शेफर्ड बसलेला असला की ट्रे नेताना त्याचे हात थरथरायचे. मॅनेजरनं सांगितलेलं, हसतमुख राहायचं, गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नाही. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. तुमच्याकडं जो कोणी वाढतो त्याला आधी विचारा. तो नको म्हणाला तर त्या टेबलावर दुसऱ्यानं जायचं, किंवा गिऱ्हाइकानं गल्ल्यावरून ताट स्वतः घेऊन जायचं.

दुसरं, ताटल्या. लोक आपल्या ताटातलं उरलेलं कुत्र्याला त्याच ताटलीत देतात, आमच्या डोळ्यांदेखत. ती ताटली बाकीच्यांबरोबर त्याच टबमध्ये येते. पाणीही आमच्या वाटीत मागतात. वाटी त्यांनी आपली आणायची, नसेल तर तुमच्याकडं दोन वेगळी ठेवा आणि ती आत येताच कामा नयेत.

तिसरं, साफसफाई. नर कुत्रा टेबलाच्या पायावर मुतणार, त्याला कितीही शिकवलेलं असो. आमच्याकडं ते पुसायला आणि बाकी फरशी पुसायला पोछा एकच होता. बादली आणि पोछा वेगळा ठेवा आणि पहिलं पाणी कुत्र्याच्या मालकाला टाकायला सांगा. भांडण होईल असं वाटतं, पण नीट सांगितलं तर बहुतेक लोक करतात.

आणि पोरांनी कुत्र्याला कुरवाळलं की साबणानं हात धुतल्याशिवाय पावाला हात लावायचा नाही. हे आमच्याकडं कुणीच पाळत नव्हतं.

मनूची आई, सांगली:

माझ्या मुलीला सहाव्या वर्षी पिंडरीला कुत्रा चावला. रस्त्यावरचा नाही, ओळखीच्यांचा पाळलेला, "काही करत नाही तो" म्हणत होते तोच. जखमेभोवती दिलेलं इंजेक्शन आणि नंतरचे डोस, त्या वेळचं तिचं ओरडणं मी विसरू शकत नाही. आज ती मोठी झाली आहे, पण कुत्रा जवळून गेला तरी माझ्या पाठीमागं येते.

तरी सांगते, मी मनाईच्या बाजूची नाही. माझं म्हणणं एवढंच की आम्हाला दारात कळू दे. पदार्थ मागवून झाल्यावर, पोरीच्या हातात घास असताना कुत्रा आत येतो आणि मग आम्ही उठायचं की त्यांनी, हा प्रश्न पडतो. शेवटी आम्हीच उठतो, कारण तक्रार करणारे वाईट दिसतात. तुमचे बावधनचे आजोबा बोलले नाहीत त्याचं कारण हेच असणार.

पाटीवर स्पष्ट लिहा: आत कुत्रा येणार नाही. मग ज्याला भीती आहे तो निर्धास्त आत बसेल. आणि "चावत नाही", "फ्रेंडली आहे" हे कुणाच्या सांगण्यावर धरून चालू नका.

इसारकाठ:

मी म्युनिकला राहतो, मूळचा भुईंजचा, त्यामुळं तुमचा रस्ता पायाखालचा. इथलं सांगतो, कारण "परदेशात सगळीकडं चालतं" असं तुम्हाला कुणीतरी ऐकवणारच.

इथं बिअर गार्डनमध्ये आणि बऱ्याच रेस्टॉरंटांत टेबलाखाली कुत्रं झोपलेलं असतं, दाराशी पाण्याचं भांडं असतं. पण सुपरमार्केटमध्ये आणि पाव-मटणाच्या दुकानांत नाही. तिथं दारावर कुत्र्याचं चित्र आणि "आम्हाला बाहेर थांबावं लागतं" अशी पाटी असते, बाहेर भिंतीला बांधायला कडी असते. युरोपीय संघाचा २००४ चा अन्न-स्वच्छतेचा नियम अन्न तयार होतं, हाताळलं जातं आणि साठवलं जातं त्या जागांबद्दल बोलतो. बसायच्या जागेचा निर्णय मालकाचा, आणि त्यानं नाही म्हटलं तर कुणी वाद घालत नाही.

मात्र हे जमतं त्यामागं बरंच काही आहे. कुत्रा पाळणारा गावाला दरवर्षी कुत्र्याचा कर भरतो. बहुतेकांनी कुत्र्यानं केलेल्या नुकसानीचा विमा काढलेला असतो. पिल्लू असल्यापासून त्याला ट्रेनमध्ये, गर्दीत, हॉटेलात न्यायची सवय लावतात. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे रस्त्यावर मोकळी कुत्री नाहीत. टेबलाखालचं कुत्रं शांत झोपतं, कारण त्याला बाहेरून कुणी आव्हान देत नाही. तुमच्या दारात तीन आहेत. म्हणून म्युनिकची रीत तशीच्या तशी पसरणीच्या पायथ्याला आणू नका. स्वयंपाकघर आणि बसायची जागा यांतला फरक, आणि भिंतीतली कडी, एवढं मात्र घेण्यासारखं आहे.

कराडचे पशुवैद्य (निवृत्त):

ताई, आधी कायदा. 'अन्न सुरक्षा व मानके (परवाना व नोंदणी) विनियम, २०११' यातली अनुसूची ४ वाचा. कीड-उंदरांच्या बंदोबस्ताच्या कलमातच लिहिलं आहे की जनावरं, पक्षी आणि पाळीव प्राणी यांना अन्न आस्थापनेच्या जागेत येऊ देऊ नये. त्यामुळं आतली सहा टेबलं आणि स्वयंपाकघर हा विषय संपला. तुमच्याकडं गल्ला आणि स्वयंपाकघर यांच्यात भिंत नसेल, तर आणखीच. 'पेट फ्रेंडली' पाट्या लावणारे बहुतेक जण उघड्या जागेचा आधार घेतात. तुमचं अंगण परवान्याच्या नकाशात दाखवलं आहे का ते बघा आणि साताऱ्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी विचारा. तोंडी उत्तरावर जाऊ नका.

कुणी तुम्हाला सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२५ चा आदेश दाखवेल. तो शाळा, दवाखाने, बस स्थानकं, रेल्वे स्टेशनं अशा ठिकाणच्या मोकाट कुत्र्यांबद्दल आहे. गिऱ्हाइकाच्या पट्ट्यातल्या कुत्र्याशी त्याचा संबंध नाही. तसंच भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची पत्रकं सोसायट्यांत कुत्रा पाळण्याबद्दल आहेत. त्यांच्या जोरावर कुणी तुमच्या हॉटेलात शिरू शकत नाही.

आता गाडी. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात गंभीर भाग तो आहे, आणि दोष तुमचा नाही. बाहेर २४ अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत ३४ आणि अर्ध्या तासात ४३ अंशांपर्यंत पारा जातो. बाहेर ३८ असेल तर पुढचं तुम्हीच समजा. काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि आतली हवाच तापलेली असली की धापेचाही उपयोग होत नाही. पग, बॉक्सर, शिह त्झू अशी चपट्या नाकाची कुत्री आधी ढासळतात. सासूबाईंनी केलं ते अगदी बरोबर: पोट, मांड्या, पाय यांवर नळाचं पाणी, वारा, आणि मग डॉक्टर. डॉक्टर शोधत गाडी पळवायची आणि पाणी नंतर, असं करायचं नाही.

म्हणून माझं मत असं की तुमच्या रस्त्यावरच्या हॉटेलानं कुत्र्यांना पूर्ण मनाई करणं योग्य नाही. शहरातल्या माणसाला कुत्रा घरी ठेवून येता येतं. घाटाच्या पायथ्याशी थांबलेल्या प्रवाशाकडं गाडीशिवाय दुसरी जागा नाही. आतलं सगळं आतल्या माणसांचं राहू द्या, आणि अंगणाचा एक कोपरा कुत्रेवाल्यांचा करा.

त्या कोपऱ्याबद्दल. शहाबादी फरशी दुपारी तव्यासारखी तापते, पंजे भाजतात. हाताची मागची बाजू फरशीवर काही क्षण टेकवून बघा. तुम्हाला सहन होत नसेल तर त्यालाही होत नाही. फणसाच्या बुंध्याकडची थोडी फरशी काढून माती मोकळी करा किंवा पाणी मारत जा. पट्टा आखूड हवा, हातभर-दोन हात. लांबत जाणारे ते गुंडाळीचे पट्टे नकोत, वाढणाऱ्याच्या पायात येतात.

खाण्याबद्दल पाटीवरच लिहा. मिसळीत कांदा-लसूण, आणि दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. द्राक्षं, मनुका, चॉकलेट हेही विषच. लोक प्रेमापोटी फरसाण-पाव भरवतात आणि पाचगणीला पोचून कुत्रं ओकायला लागतं.

रोगांचं म्हणाल तर लस टोचलेलं, गोचीड नसलेलं कुत्रं चार हातांवर बसल्यानं तुमच्या जेवणाऱ्यांना काही होत नाही. रेबीजची लस पिलाला तिसऱ्या महिन्यात आणि मग नियमानं द्यायची असते. तुम्ही कार्ड तपासत बसू नका, तो तुमचा व्यवसाय नाही. पण मूत्राबद्दल वरच्या दादांनी लिहिलंय ते गांभीर्यानं घ्या. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, माणसालाही होणारा जंतुसंसर्ग) मूत्रातून पसरतो, आणि तुमच्याकडं पावसाळ्यात अंगण ओलंच असतं.

घाटपायथा:

सगळ्यांचे आभार. रात्री घरात वाचून दाखवलं. यजमानांचा विरोध 'आत येणार नाही' हे ऐकल्यावर मावळला, आणि मुलीला सांगितलं की गूगलवर काहीही लिहायचं नाही, आधी साताऱ्याहून उत्तर येऊ दे.

फणसाकडची दोन टेबलं कुत्रेवाल्यांची. तिथं आम्ही वाढायला जाणार नाही, ताट गल्ल्यावरून न्यायचं. आमच्याकडं वाढणाऱ्या पोराला विचारलं, तो म्हणाला मला चालेल. पण वर वाचलं त्यावरून वाटलं की मालकीणबाईंनी विचारल्यावर तो दुसरं काय म्हणणार, म्हणून नियमच केला. आणि पाटी रस्त्याकडं तोंड करून, गाडीतून उतरायच्या आधी दिसेल अशी: "कुत्रा आत नाही. फणसाखाली चालेल. गाडीत ठेवू नका." मनूच्या आई, तुम्ही या बाजूला आलात तर आत निर्धास्त बसा.

डॉक्टर, दोनच विचारायचं आहे. बांधायला कडी झाडाला मारू की भिंतीला? आणि गावच्या तिघांचं काय करू? त्यांना हाकलणं सासूबाईंना मान्य नाही, रात्री राखण तीच करतात.

कराडचे पशुवैद्य (निवृत्त):

कडी भिंतीला, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, आणि दोन कड्यांत दहा-बारा फुटांचं अंतर, म्हणजे दोन कुत्री एकमेकांपर्यंत पोचणार नाहीत. टेबल-खुर्चीच्या पायाला कुणालाही बांधू देऊ नका, दचकलेला लॅब्रेडॉर टेबल ओढत नेतो. मालकानं कुत्र्याला तिथं एकटं सोडून आत यायचं नाही, हेही पाटीत घाला.

तिघांना हाकलू नका. हाकललीत तर त्यांच्या जागी अनोळखी कुत्री येतील. नसबंदी झाली नसेल तर नगरपालिकेकडं किंवा जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा, आणि रेबीजची लस तिघांनाही दरवर्षी टोचून घ्या. त्यांचं खाणं हॉटेलाच्या दारात घालता ना? ती जागा बदला. मागच्या बाजूला, ठरलेल्या वेळेला, गाड्या यायच्या आधी सकाळी घाला. दारात अन्न मिळतं म्हणून ती दार राखतात आणि पाहुण्यावर धावतात. पंधरा-वीस दिवस सासूबाईंनी वेळ चुकवली नाही तर फरक दिसेल. शनिवारी सकाळी थोडं जास्त घाला.