पोलर बॉडी दिसते, पण ब्लास्टोसिस्ट होत नाहीत: डुकरिणीच्या अंडपेशीची प्रत कशी ठरवावी?

प्रश्न (पदव्युत्तर_पशुवैद्यक):
कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयांतील 3 ते 6 मिलिमीटरच्या फॉलिकलमधला (अंडपेशी असलेल्या द्रवभरल्या पुटीतला) द्रव मी 18 गेजच्या सुईने ओढून घेतो आणि क्युम्युलस पेशींचे (अंडपेशीला वेढणाऱ्या पेशींचे) निदान तीन घट्ट थर असलेल्या, एकसारख्या गडद अंडपेशीच निवडतो. परिपक्वन माध्यमात 44 तास ठेवून, हायल्युरोनिडेज हे विकर वापरून थर उतरवले की दहांतल्या सातांमध्ये पोलर बॉडी (अंडपेशी पक्व होताना बाहेर टाकलेली छोटी पेशी) स्पष्ट दिसते. तरीही फलनानंतर सातव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट (आत पोकळी तयार झालेले भ्रूण) बोटांवर मोजण्याइतकेच मिळतात. मग या अंडपेशी चांगल्या की वाईट, हे कशावरून ठरवावे?

उत्तर (भ्रूणशाळा):
पोलर बॉडी दिसली म्हणजे केंद्रक दुसऱ्या मेटाफेजपर्यंत, म्हणजे फलनासाठी तयार अशा टप्प्यापर्यंत पोहोचले, एवढेच कळते. पेशीद्रव तयार झाला की नाही, हे त्यावरून कळत नाही. पेशीद्रवात ग्लुटाथायोन या ऑक्सिडीकरणरोधक पदार्थाचा साठा पुरेसा नसेल, तर आत शिरलेल्या शुक्राणूचे डोके नीट उलगडत नाही आणि नर प्राक्केंद्रकच (शुक्राणूच्या डोक्यापासून बनणारे केंद्रक) तयार होत नाही. आणखी एक अडचण अशी, की डुकरिणीची अंडपेशी मेदाच्या थेंबांमुळे मुळातच काळपट असल्याने आतले काही दिसत नाही. गायीच्या अंडपेशी पाहायची सवय असलेल्यांची इथे हमखास फसगत होते.

माझ्या मते आधी दोष अंडपेशीचा की फलनाचा, हे वेगळे करावे. एकाच दिवशीच्या अंडपेशींचे दोन भाग करा; एकाचे नेहमीप्रमाणे फलन करा आणि दुसऱ्याला विद्युत स्पंद देऊन शुक्राणूशिवायच विभाजन सुरू होऊ द्या. दुसऱ्या भागात ब्लास्टोसिस्ट चांगले मिळाले, तर अंडपेशींना बोल लावू नका. डुकरांमध्ये एकाच अंडपेशीत अनेक शुक्राणू शिरणे हे जुनेच दुखणे आहे, म्हणून फलनानंतर सुमारे 12 तासांनी काही अंडपेशी स्थिर करून ॲसिटो-ऑर्सिन या रंगाने रंगवा आणि प्राक्केंद्रके मोजा. दोनपेक्षा जास्त दिसली, तर शुक्राणूंची संख्या आणि त्यांच्यासोबत ठेवण्याचा वेळ कमी करावा लागेल. असे अनेक शुक्राणू शिरलेले भ्रूणही कधीकधी ब्लास्टोसिस्टपर्यंत जातात, त्यामुळे केवळ ब्लास्टोसिस्टची संख्या पाहून समाधान मानू नका. होक्स्ट 33342 या डीएनए-रंगाने रंगवून त्यांतील पेशीही मोजा.

उत्तर (निळी_काच):
निवडीच्या वेळीच चाळणी लावायची असेल, तर ब्रिलियंट क्रेसिल ब्लू हा निळा रंग वापरून पाहा. डुकरिणीच्या अंडपेशींसाठी साधारण 13 मायक्रोमोलर द्रावणात 90 मिनिटे ठेवतात. वाढ चालू असलेल्या अंडपेशीत ग्लुकोज-6-फॉस्फेट डिहायड्रोजनेज हे विकर सक्रिय असते, त्यामुळे रंग नाहीसा होतो. वाढ पूर्ण झालेली अंडपेशी मात्र निळी राहते. अजून माजावर न आलेल्या माद्यांच्या अंडाशयांसाठी हे विशेष उपयोगी पडते, कारण त्यांच्या अंडपेशी व्यालेल्या माद्यांच्या तुलनेत कमी पडतात. फक्त तेवढाच वेळ रंगाविना ठेवलेला एक गट सोबत घ्या, नाहीतर हाताळणीचा परिणाम रंगाच्या नावावर जमा होईल. परिपक्वन माध्यमही तपासा: 2017 मध्ये मिसुरी विद्यापीठातील संशोधकांनी एफजीएफ 2, एलआयएफ आणि आयजीएफ 1 हे तीन संकेत देणारे प्रथिन-घटक एकत्र घालून ब्लास्टोसिस्टचे प्रमाण लक्षणीय वाढवले होते.

उत्तर (थर्मास):
अंडाशय प्रयोगशाळेत पोहोचताना थर्मासमधल्या सलाइनचे तापमान किती असते? वर सांगितलेल्या मेदाच्या थेंबांमुळेच या अंडपेशींना थंडी अजिबात सोसत नाही, आणि 15 अंशांखाली गेलेली अंडपेशी सूक्ष्मदर्शकाखाली तरीही देखणी दिसू शकते.

प्रश्नकर्ता (पदव्युत्तर_पशुवैद्यक):
निघताना 37 अंश असते. पोहोचल्यावर मी कधी मोजलेच नव्हते. आज मोजले, तर 24 भरले. अंडाशय गोळा होईपर्यंत तास-दीड तास झाकण उघडेच राहते, हेही आज लक्षात आले. उद्या दोन थर्मास नेतो आणि अर्ध्या अंडपेशी विद्युत स्पंदासाठी राखून ठेवतो. सातव्या दिवशीचे आकडे इथेच लिहीन.