अनुभव धागा : काडतूस भरताना पावडर कशाने मोजता?

नमस्कार मंडळी. मी टेक्सासात राहतो आणि गेली सहा वर्षं स्वतःची काडतुसं स्वतःच भरतो. रायफल ६.५ क्रीडमूर (हा काडतुसाचा एक प्रकार), अंतर ६०० यार्ड. इथे अमेरिकेत हा घरगुती छंद आहे. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्या मंडळींनी हे निव्वळ माहिती म्हणून वाचावं.

धागा काढायला निमित्त माझाच काटा. बटण दाबलं की पावडर आपोआप मोजून देणारं यंत्र घेतलं होतं, ०.१ ग्रेनपर्यंत अचूक. (७००० ग्रेनचा एक पौंड, एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम.) उन्हाळा लागला आणि क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) गोळ्यांच्या वेगातला फरक सेकंदाला २० फुटांवरून ४० च्या पुढे गेला. दोन आठवडे मी पुंगळ्यांवर (काडतुसाची धातूची नळी) आणि प्रायमरवर (पावडर पेटवणारी बुडाची टोपी) संशय घेत बसलो. शेवटी काट्यावर तपासणीचं वजन ठेवून नुसता बघत राहिलो. एसी सुरू झाला की आकडा ०.३ ग्रेनने सरकायचा! टेबल बरोबर एसीच्या झडपेखाली होतं. आता जागा बदलली आहे, यंत्र अर्धा तास आधी सुरू करून ठेवतो आणि दर २० काडतुसांनंतर तेच वजन पुन्हा ठेवून बघतो.

तुम्ही काय घेतलंत, का घेतलंत, कुठे फसलात ते मोकळेपणाने लिहा. कोणत्या गोळीमागे किती ग्रेन हे मात्र इथे लिहू नका. ते आकडे छापील मॅन्युअलमधूनच घ्यायचे.

ओहायोहून

मी पिस्तूलवाला. महिन्याला हजारभर ९ मिमी लागतात, एकेक तोलत बसणं शक्यच नाही. काडतुसं भरायच्या यंत्रावरच (प्रेस) फिरत्या ड्रमचं माप बसवलंय. ते वजन करत नाही, आकारमानाने माप टाकतं. म्हणून बारीक दाण्याची, सहज वाहणारी पावडर वापरतो. वरचं भांडं अर्ध्याखाली जाऊ देत नाही, वरच्या पावडरचा भार खाली पडू नये म्हणून आत आडवा पत्रा आहेच, आणि दांडा प्रत्येक वेळी त्याच लयीत ओढतो. सुरुवातीची दहा मापं एकत्र तोलून दहाने भागतो, मग पाच सुटी तोलतो. सरासरी बरोबर असूनही एखादं माप चुकलेलं असू शकतं, ते या पाचांत सापडतं.

एक लक्षात घ्या. ९ मिमीत जेमतेम चार-पाच ग्रेन पावडर, तिथे ०.१ म्हणजे दोन टक्के. रायफलच्या चाळीसेक ग्रेनमध्ये तोच ०.१ पाव टक्का.

आणि माझ्या मते पिस्तुलात अचूकतेच्या आधी बघायचं ते रिकामं किंवा दुहेरी माप. एकदा रेंजवर नुसतं ‘फुस्स’ झालं. शेजारच्या काकांनी ओरडून थांबवलं म्हणून पुढचा चाप ओढला नाही. गोळी नळीतच अडकलेली होती. पुंगळीत पावडर पडलीच नव्हती. तेव्हापासून त्यातही फुगीर, जास्त जागा व्यापणारी पावडर घेतो, दोनदा पडली तर पुंगळीबाहेर सांडते. डोक्यावर दिवा लावलाय. प्रत्येक पुंगळीत डोकावल्याशिवाय गोळी ठेवत नाही.

पेनसिल्व्हेनियाहून

माझं माहेर कोल्हापूरचं, गुजरीतलं सराफाचं घर. वाऱ्याची झुळूक लागू नये म्हणून बाबांचा काटा काचेच्या पेटीत असायचा, आणि पंखा बंद केल्याशिवाय ते तोलायचे नाहीत. त्यामुळे वरचा एसीचा अनुभव वाचून अगदी पटलं. गुंजेचं वजन दोन ग्रेनच्या आतबाहेर भरतं, म्हणजे ग्रेनचा हिशेब आमच्या घराला परका नव्हता.

मी दांडीचा काटाच वापरते. वीज नाही, तापायची वाट बघणं नाही. दांडी लवकर स्थिर व्हावी म्हणून लोहचुंबक असतं. काटा डोळ्यांच्या रेषेत फळीवर ठेवलाय, कारण वरून बघितलं की खूण हटकून चुकीची दिसते. सुरीच्या धारेसारख्या टेकूवर धूळ बसली की दांडी अडखळते. मऊ ब्रशने झाडते, तेल कधीच लावत नाही. तासाला वीस-पंचवीस काडतुसं होतात. मला तेवढी पुरतात.

कोलोराडोहून

काडीसारख्या लांबट दाण्याची पावडर असेल तर नुसत्या ड्रमच्या भरवशावर राहू नका. काड्या ड्रमच्या कडेत सापडून कचकन तुटतात आणि माप कमीजास्त होतं. मी ड्रमने मुद्दाम थोडं कमी टाकतो आणि उरलेलं ट्रिकलरने (थोडी थोडी पावडर पाडणारं साधन) काडी काडी पाडतो. हजार यार्डांच्या सामन्यांसाठी शेवटी ०.०२ ग्रेन दाखवणारा प्रयोगशाळेतला काटा घेतला, ट्रिकलर धरून खर्च हजार डॉलरच्या वर गेला. एक काडी साधारण तेवढ्याच वजनाची, म्हणजे याहून बारीक मोजून उपयोग नाही. हजार यार्डांवर गोळ्यांचा वर-खाली फैलाव कमी झाला, ३०० वर काहीही फरक दिसला नाही. ३०० पर्यंतच खेळणार असाल तर तो पैसा सरावावर खर्च करा, हे मनापासून सांगतो.

पुण्याहून

बालेवाडीत ५० मीटर रायफलचा सराव करते. स्वप्नील कुसाळेंना २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळालं तोच प्रकार. आमची पॉइंट टू-टू रिमफायर, तिच्यात प्रायमरचा मसाला कडेतच असतो, त्यामुळे पुन्हा भरणं नाहीच. आम्ही वेगवेगळ्या लॉटची (कारखान्यात एकाच वेळी बनलेली) काडतुसं आपल्याच रायफलमधून झाडून बघतो आणि ज्याच्या गोळ्या जवळजवळ लागतात तो लॉट साठवतो. तुमचं वाचून कळलं, आमच्यासाठी हे सगळं कारखान्यात कोणीतरी करत असतं.

मिनेसोटाहून

हिवाळ्यात इथली हवा इतकी कोरडी की स्थिर विजेमुळे प्लॅस्टिकच्या फनेलला पावडर चिकटते. आधीच्या पुंगळीतले दाणे पुढच्या पुंगळीत पडतात. कपड्यांच्या ड्रायरमध्ये टाकतात तो कागद फनेलवरून फिरवला की थांबतं. आता ॲल्युमिनियमचंच फनेल घेतलंय.

पण माझी मोठी चूक वेगळीच. रात्री मापाच्या भांड्यात पावडर तशीच ठेवून झोपले. सकाळी टेबलावर दोन डबे, आणि भांड्यातली कुठली ते आठवेना. रंगावरून ओळखता येईल असं वाटलं होतं, आलं नाही. ती सगळी टाकून दिली, आदल्या संध्याकाळी भरलेली चाळीस काडतुसंही उघडून सुटी केली. आता टेबलावर एका वेळी एकच डबा असतो. भांड्याला चिकटपट्टी लावून तिच्यावर पावडरचं नाव लिहिते, आणि उठताना भांडं डब्यात रिकामं केल्यावरच ती पट्टी काढते.