मदत हवी आहे: १९४४ साली इंफाळकडे वारलेल्या डॉक्टर आजोबांची नोंद कशी शोधावी?

नमस्कार. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, आमचे अण्णाआजोबा, नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमधून एलएमपी (त्या काळची डॉक्टरकीची पदविका) झाले, फौजेत गेले आणि १९४४ च्या पावसाळ्यात इंफाळकडे वारले. वय २५. घरी एक फोटो, एक तार आणि तीन पत्रं आहेत.

तारेत त्यांचा हुद्दा 'जमादार' आहे. त्यामुळे घरच्यांना वाटायचं, तार दुसऱ्याच कुणाची. डॉक्टर झालेला मुलगा जमादार कसा असेल? पणजीने त्या आशेवर पुढची कितीतरी वर्षं रात्री दाराला कडी लावू दिली नाही. आत्ता कुठे मला कळलं, की फौजेच्या इंडियन मेडिकल डिपार्टमेंटमधल्या सब-असिस्टंट सर्जनना, म्हणजे एलएमपी डॉक्टरांना, जमादार, सुभेदार असेच हुद्दे असत. ३ एप्रिल १९४३ ला हे खातं इंडियन मेडिकल सर्व्हिसबरोबर इंडियन आर्मी मेडिकल कोअरमध्ये विलीन झालं. म्हणजे तार खरीच होती.

हे मी नागपूरला महाल भागातल्या घरी आत्याआजीला सांगितलं. ती त्यांची सर्वांत धाकटी बहीण, आता ९० वर्षांची. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "नाव तरी कुठे कोरलं असेल ना रे? पाहून दे मला."

तारेत आजाराने मृत्यू एवढंच आहे. शेवटच्या पत्रात ते लिहितात, मलेरियासाठी रोज मेपॅक्रीनची गोळी घेऊन आम्ही सगळे पिवळे झालोय. आईला सांगा, हळद लागली, आता मुलगी तेवढी पाहून ठेवा.

इंफाळच्या क्रिमेशन मेमोरियलवर दहन झालेल्या ८६८ हिंदू-शीख सैनिकांची नावं आहेत, कोहिमाच्या मेमोरियलवर ९१७. ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही अशी सुमारे २७,००० नावं म्यानमारच्या रंगून मेमोरियलवर आहेत. ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर आडनावाची सगळी स्पेलिंगं घालून पाहिली, सापडत नाही. तिथे अनेक भारतीयांचं आडनावच नाही, नुसतं नाव आहे.

१. अशा नोंदीत आपला माणूस कुणी शोधला आहे का? वडिलांच्या नावावरून की सर्व्हिस नंबरावरून?
२. लखनौच्या एएमसी (आर्मी मेडिकल कोअर) रेकॉर्ड्सकडून १९४७ पूर्वीच्या जमादार डॉक्टरांचे कागद मिळतात का? अर्जासोबत काय जोडावं?
३. इंफाळला कुणी राहतं का? नाव सापडलं तर त्या पाटीचा जवळून एक फोटो हवा आहे.

तिसरं जरा लवकर झालं तर बरं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आत्याआजीला उजव्या डोळ्याने अजून वाचता येतं.