मदत हवी आहे: मुलगी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही

मुलगी ९ वर्षांची. लालबागची चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही चौदाव्या मजल्यावर. वीज गेली तेव्हा ती आणि आजी लिफ्टमध्ये १० मिनिटं अडकल्या. दीड महिना झाला, जिनाच चालू आहे. दारापाशी हात गार पडतात, पोटात मुरडा येतो. "परत अडकली तर?" हे दिवसभर. एकदा उचलून आत नेली, तर रात्रभर झोपली नाही. काय करावं?

पायरी_पायरीने: ताई, उचलून नेणं आधी बंद. पण नुसता जिनाही उपयोगाचा नाही. दारातून मागे फिरलं की हायसं वाटतं आणि 'पळाले म्हणून वाचले' हे मनात पक्कं बसतं.

भीतीला ० ते १० आकडा तिलाच द्यायला सांगा. मग शिडी: लिफ्टसमोर उभं राहून माणसं चढता-उतरताना बघणं, बाहेरून कुणी बटण दाबून धरलंय, दार उघडं, दोघी आत, दार बंद पण लिफ्ट जागेवर, चौदा ते तेरा, मग तीन मजले, मग तळमजला, शेवटी तुमच्याशिवाय, आजीबरोबर. रोज २० मिनिटं, गर्दी नसताना. आकडा ३ वर येईपर्यंत तीच पायरी पुन्हा पुन्हा. ८ वर असताना घाईने बाहेर आणलंत तर भीती वाढते. सारखा ८ येत असेल तर पायरी मोठी झाली, मधे अर्धी घाला.

हातात मोबाईल देऊ नका, श्रेय मोबाईलला जातं. "काही होत नाही गं" हेही एकदाच. पुढच्या वेळी उलट विचारा, "अडकली तर आपण काय काय करू?"

तेलपाणी: याचं उत्तर तिला लिफ्टवाल्या मेकॅनिककडून दाखवा. केबिनला हवेच्या फटी असतात, गुदमरायला होत नाही. अलार्मचं बटण तिलाच दाबू द्या. दार हाताने उघडायचं नाही, हेही सांगा. आणि वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारी एआरडी असते. १० मिनिटं अडकल्या म्हणजे बहुधा ती बसवलेली नाही किंवा बॅटरी उतरलीय. सोसायटीकडून आधी ते करून घ्या, नाहीतर सगळी मेहनत एका लोडशेडिंगमध्ये पाण्यात.

शांतनिवास: श्वासाचा सराव झोपताना घ्या: नाकाने ४ आकडे आत, ६ आकडे बाहेर. दारापाशी पहिल्यांदाच शिकवलंत तर जमत नाही. भीती शाळा, झोप, जेवणापर्यंत पसरली, तर बालमानसतज्ज्ञ गाठा. केईएम, नायर, सायनला मानसोपचार ओपीडी आहे. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन: १४४१६, मोफत, २४ तास.

प्रश्नकर्ती: सकाळी ७ ला शाळेची व्हॅन असते, तेव्हा?

पायरी_पायरीने: सकाळी सराव नको, घाईत बिघडतं. जेवढे मजले जमलेत तेवढी लिफ्ट, उरलेला जिना. १५ मिनिटं लवकर निघा.