जळगाव परिसरात लॅपटॉप घेऊन मोकळ्या हवेत काम करता येईल अशा सार्वजनिक जागा कोणत्या?

गिरणाकाठची (प्रश्न)

नमस्कार. मी जळगावात राहते आणि पुण्यातील एका कार्यालयाचे हिशेबाचे काम घरून करते. घर दोन खोल्यांचे आहे. एका खोलीत अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई असतात, दुसरीत दहावीतल्या मुलाचा अभ्यास चालतो. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसल्याने मान आखडते आणि दुरुस्तीसाठी वीज गेली की पंख्याबरोबर वाय-फायही बंद पडते. दिवसातून दोन-तीन तास तरी झाडाखाली बसून काम करावे असे मनापासून वाटते. हॉटेलात एका चहावर तासन्‌तास टेबल अडवणे मला पटत नाही, आणि रोज चहावर चहा मागवणे परवडतही नाही.

गेल्या आठवड्यात एका उद्यानात जाऊन पाहिले. पडद्यावर आकड्यांपेक्षा मागच्या झाडांचे प्रतिबिंबच जास्त दिसत होते. त्यातून वाट काढत कामाला लागले, तोच अकराच्या सुमारास रखवालदाराने शिट्टी वाजवून सर्वांना बाहेर काढले, कारण दुपारी उद्यान बंद असते. आपल्यापैकी कोणी असे बाहेर बसून नियमित काम करत असेल तर जागा, नेटवर्क आणि बॅटरी यांचे काय करता, ते कृपया सविस्तर सांगावे. एकट्या स्त्रीने तेथे निर्धास्त बसता यावे, ही माझी पहिली अट आहे.

सावलीचा सोबती

ताई, मी तीन वर्षांपासून आठवड्यातून तीन-चार दिवस बाहेर बसून काम करतो. आपल्या भागात जागेच्या आधी वेळ ठरवावी लागते. बहुतेक लॅपटॉप भोवतालचे तापमान ३५ अंशांपर्यंत असेल असे धरून बनवलेले असतात, आणि जळगावात मार्च लागला की भर दुपारी सावलीतही पारा त्याच्या पुढे जातो. मे महिन्यात तर ४३-४४ अंशांचे कोणाला नवल वाटत नाही. म्हणून दिवाळीनंतर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मी कोणत्याही प्रहरी बाहेर बसतो आणि पुढे पाऊस येईपर्यंत सकाळी सहा ते नऊ एवढीच वेळ धरतो. उन्हाळ्यात संध्याकाळ मी सोडून दिली आहे. सिमेंटचे बाक दिवसभर तापलेले असतात, आणि सूर्य मावळल्यावरही हात ठेवला तर चटका जाणवतो. लॅपटॉपची हवा बहुधा खालून आत जाते, त्यामुळे अशा बाकावर तो ठेवला की पंखा घरघरू लागतो. मी घरचा लाकडी पाट पिशवीत घालून नेतो आणि त्यावर लॅपटॉप ठेवतो. खाली पंचा किंवा चादर घालू नये, कारण कापडाने हवेच्या फटी बंद होतात.

जागा म्हणाल तर सकाळसाठी मेहरूण तलावाचा परिसर मला सर्वांत आवडतो. फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते, पण कोणी कोणाला अडवत नाही. थंडीत मेहरूणची बोरे मिळतात, हा माझ्या लेखी वेगळा लाभ आहे. काव्यरत्नावली चौकाजवळचे भाऊंचे उद्यान नीटनेटके आहे, मात्र संध्याकाळी मुलांचा गलका असतो. फोनवर बोलायचे नसेल तरच तेथे जावे.

प्रतिबिंबाचा त्रास बाक बदलून बराच कमी होतो. पडद्यात दिसते ते आपल्या पाठीमागचे, म्हणून पाठीशी मोकळे आकाश नसावे. भिंत, दाट मेंदी किंवा जाड खोड असावे. पडदा काळा आणि अक्षरे पांढरी अशी मांडणी घरात डोळ्यांना बरी वाटते, पण उजेडात ती अजिबात वाचता येत नाही. बाहेर पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरेच ठेवावीत. सावलीही सरकते, हे ध्यानात ठेवावे. सकाळी सावली झाडाच्या पश्चिमेला पडते आणि सूर्य वर येईल तशी ती झपाट्याने आखडते, त्यामुळे सातला गार असलेला बाक साडेनऊला उन्हात आलेला असतो.

नेटवर्कसाठी स्वतःच्या मोबाइलचा डेटा वापरावा, परंतु हॉटस्पॉटऐवजी यूएसबी केबलने जोडून. असे केल्याने फोन कमी तापतो आणि चार्जही होत राहतो. फोन उन्हात ठेवला तर तो तापून चार्जिंग थांबवतो, कधी इशारा देऊन बंदही पडतो. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत सुमारे ७४ वॉट-तास ऊर्जा असते, त्यातली काही वाया जाते, आणि हिशेबाचे काम करणारा लॅपटॉप साधारण १५ वॉट घेतो असे धरले तर चार तास सहज निघतात. मात्र टाइप-सी मधून ४५ किंवा ६५ वॉट देणारीच पॉवर बँक घ्यावी, कारण फोनसाठीच्या साध्या पॉवर बँकेवर लॅपटॉप चालत नाही.

भुसावळचा प्रवासी

वीज गेली आणि काम तातडीचे असेल तर रेल्वे स्थानक विसरू नका. रेल्वेच्या रेलटेल कंपनीचे वाय-फाय रोज पहिली ३० मिनिटे विनामूल्य मिळते, वेग १ एमबीपीएसपर्यंत. म्हणजे अर्ध्या तासात जास्तीत जास्त सव्वादोनशे एमबी, आणि विवरणपत्र भरायला किंवा पत्रव्यवहाराला तेवढे पुरते. पुढे ज्यादा वेगाच्या योजना आहेत. २०२१ मध्ये त्या सुरू झाल्या तेव्हा १० रुपयांत एका दिवसासाठी ५ जीबी मिळत असे. फलाट तिकीट १० रुपयांचे असते आणि ते दोनच तास चालते, हे मात्र लक्षात असू द्यावे. भुसावळला नागपूरकडच्या आणि खंडव्याकडच्या गाड्या येत-जात असल्याने उद्घोषणा सतत चालू असतात. बैठकीच्या कॉलसाठी ही जागा नाही. मुकाट्याने फाइल पाठवण्यासाठी चांगली आहे.

पांझराकाठ

ताई, मी धुळ्याची, आणि तुमची पहिली अट माझीही होती. माझा अनुभव असा आहे की निर्जन सुंदर जागेपेक्षा बायकांचा नेहमीचा वावर असलेली साधी जागा कधीही बरी. आमच्याकडे नकाणे तलावाचा परिसर फार छान आहे, पण एकटीने लॅपटॉप उघडून बसावे इतकी वर्दळ तेथे दुपारी नसते, आणि वाऱ्याबरोबर येणारी धूळ कळफलकात शिरते ती वेगळीच. मी उद्यानात फाटकाच्या जवळचा बाक धरते. पहिल्याच दिवशी रखवालदार काकांना जाऊन सांगितले, की मी रोज सात ते नऊ येथे बसून काम करीन, आपली काही हरकत नाही ना? त्या एका वाक्याने पुढची सगळी विचारपूस संपली. योगासने करायला येणाऱ्या भगिनींशी ओळख झाली, त्यामुळे पाणी प्यायला उठताना सामानावर लक्ष ठेवायलाही कोणीतरी असते.

दुसरी गोष्ट मी आग्रहाने सांगेन. आपल्याकडे दुसऱ्यांचे हिशेब असतात. बँकेची खाती, जीएसटीचे पासवर्ड, ओटीपी हे सार्वजनिक वाय-फायवर उघडू नयेत. नाइलाज झाला तर कार्यालयाने दिलेले व्हीपीएन (माहिती सांकेतिक करून पाठवणारी जोडणी) चालू करूनच उघडावेत. पडद्यावर बाजूने दिसू न देणारी फिल्म लावावी. तिने उजेड थोडा कमी होतो, तरी अशिलाचे आकडे शेजारच्या बाकावरून वाचले जाण्यापेक्षा ते परवडले. वरच्या प्रवासी भाऊंना विरोध नाही, परंतु स्थानकावर मी फक्त साधा पत्रव्यवहार करते.

रावेरचा मळेकरी

खेड्यात कोणी असेल तर गावच्या पारासारखी जागा नाही. वडाची सावली दाट, बसायला दगडी कट्टा, आणि आपण कोणाचे कोण हे सर्वांना ठाऊक. केळीच्या बागेत गार वाटते म्हणून मी आत बसून पाहिले, पण पाण्याने भरलेली ती मोठाली पाने मोबाइलची रेंज खाऊन टाकतात. बांधावर आलो की दोन कांड्या वाढतात.

आणखी एक सुचवतो. केंद्राच्या पीएम-वाणी या सार्वजनिक वाय-फाय योजनेला डिसेंबर २०२० मध्ये मंजुरी मिळाली असून तिच्यात चहाची टपरी किंवा किराणा दुकानदारही परवान्याशिवाय वाय-फाय विकू शकतो. उद्यानाबाहेरच्या टपरीवाल्याला ते पटवून दिले, तर त्याचाही धंदा होईल आणि आपलीही सोय होईल.

गिरणाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी साडेसहाला मेहरूणला गेले. पाट सोबत नेला होता. भिंतीला पाठ लागेल असा कट्टा शोधायला थोडे फिरावे लागले, पण बसल्यावर पडद्यावरचे बारीक आकडे वहीतल्या आकड्यांइतके स्पष्ट दिसू लागले. केबल लावल्याने फोन तापला नाही. दोन तास दहा मिनिटांत दोन खात्यांचे बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे वहीतील आणि बँकेतील नोंदींचा मेळ घालणे, पूर्ण झाले. घरी त्याला अख्खी दुपार गेली असती. मध्येच कडुनिंबाचा मोहर कळफलकावर गळत होता, तो फुंकरीने उडवावा लागत होता. शेजारी फिरायला आलेल्या दोन मावशींनी काय करतेस म्हणून विचारले आणि उद्याही येशील ना, असेही विचारले.

पांझराकाठ ताई, रखवालदारांशी बोलण्याची तुमची सूचना फार मोलाची वाटली. तीच एक पाऊल पुढे न्यावी असे मनात आहे. थंडीच्या महिन्यांत तरी उद्याने दुपारी उघडी ठेवावीत, आणि एका कोपऱ्यात छपराखाली टेकायला पाठ असलेले चार बाक व एक विजेचा सॉकेट द्यावा, असा अर्ज महापालिकेला लिहीत आहे. मसुदा रविवारी येथे टाकते. त्यातील उणिवा सांगाव्यात आणि जळगावकरांनी सह्या कराव्यात, ही विनंती.