शब्दचर्चा : शेरीफ, नगरपाल की फौजदार?

अमेरिकेतील लहानशा गावची महिला शेरीफ नायिका असलेली विनोदी रहस्यकादंबरी मराठीत आणताना ‘शेरीफ’साठी कोणता शब्द योजावा, असा प्रश्न येथे आला आहे. ‘नगरपाल’ हा प्रतिशब्द मराठीत रुळलेला आहे; परंतु तो मुंबईच्या शेरीफसाठी, आणि ते पद निव्वळ मानाचे आहे. १९९४ मध्ये सुनील गावसकर यांची त्या पदावर नेमणूक झाली होती. नगरपालांनी संशयिताला बेड्या ठोकल्या, हे मराठी वाचकाला पटणार नाही. ‘कोतवाल’ तर त्याहून गैरसोयीचा, कारण पेशवाईतील पुण्यात त्या शब्दाला दरारा असला, तरी आपल्या खेड्यांत तो तलाठ्याच्या हाताखालच्या माणसाला लावला जात आला आहे.

उरतो ‘फौजदार’. अमेरिकन शेरीफ काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, बंदोबस्त पाहतो, तुरुंग सांभाळतो, न्यायालयाची समन्से बजावतो, त्यामुळे हा शब्द जवळचा वाटतो. मात्र फौजदार बदलीवर येतो आणि बदलीवर जातो, तर शेरीफ बहुतेक राज्यांत मतदारांनी निवडून दिलेला असतो. ज्याच्या घराची आज झडती घ्यायची, त्याच्याच दारात उद्या मत मागायला उभे राहायचे, या पेचातूनच अशा कथेतला विनोद फुलतो आणि ‘फौजदार’ म्हटले की नेमका तोच हरवतो.

स्त्रीलिंगासाठी सुचवलेले ‘फौजदारीण’ मला मुळीच मान्य नाही. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, तशीच फौजदारीण म्हणजे फौजदाराची. इंडियानातील लेक काउंटीच्या लिलियन हॉली पती मारला गेल्यावर त्याच्या जागी शेरीफ झाल्या, हे खरे. पण पद त्यांचे स्वतःचे होते. ३ मार्च १९३४ रोजी कुख्यात दरोडेखोर जॉन डिलिंजर त्यांच्या तुरुंगातून त्यांचीच मोटार घेऊन पळाला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांची यथेच्छ टर उडवली. ती टर एका अधिकाऱ्याची होती, कोणाच्या पत्नीची नव्हे.

म्हणून निवेदनात ‘शेरीफ’च ठेवावे आणि क्रियापद स्त्रीलिंगी करावे. हाताखालच्यांच्या तोंडी ‘मॅडम’ शोभेल. गावकऱ्यांनी मात्र ‘शेरीफबाई’च म्हणावे : “शेरीफबाई, आत टाकायचं तर खुशाल टाका, पण घरात पाच मतं आहेत आमच्या!”